जोहड भरले, डोंगर हिरवे झाले

राजस्थान म्हटले की डोळ्यांपुढे उभ्या राहतात वाळूच्या टेकड्या आणि डोक्यावर घागरी घेऊन मैलोन्‌मैल चालणाऱ्या बायका. पण अलवर जिल्ह्यात, अरवलीच्या कुशीतल्या काही गावांनी हे चित्र बदलले. ही किमया आहे ‘जोहड’ची! उतारावरून धावणारे पाणी अडवायला अर्धचंद्राकृती मातीचा बांध घालून केलेले छोटेसे तळे म्हणजे जोहड.

या भागात वर्षाला सरासरी ६०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा पावसाळ्याच्या तीन महिन्यांत. जुन्या पिढ्यांनी बांधलेले जोहड पुढे गाळाने भरले, डोंगरावरची झाडे तुटली, विहिरी आटल्या आणि तरुण मुले कामासाठी शहरांकडे निघाली. १९८५ मध्ये राजेंद्रसिंह यांच्या तरुण भारत संघाने गोपालपुरा गावात जुन्या जोहडातला गाळ उपसायला सुरुवात केली. हे काम हळूहळू शेकडो गावांत पोहोचले. पावसाळ्यापुरतीच वाहणारी अरवरी नदी १९९०च्या दशकात बारमाही झाली. २००१ मध्ये राजेंद्रसिंह यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

झाडांना पाणी पोहोचते कसे?

जोहडातले बरेचसे पाणी दिसते तिथे राहत नाही. ते जमिनीत मुरते. बांधाखालच्या जमिनीत ओल टिकते, विहिरींची पातळी वर येते. काठावर हरळी, लव्हाळा, नागरमोथा उगवतात. पाणी ओसरले की तळाच्या गाळात गहू, हरभरा पेरता येतो.

डोंगरावरच्या धोक या झाडाची गोष्ट आणखी मजेशीर आहे. गुरे सतत ओरबाडत राहिली की धोक झुडपासारखा जमिनीलगत पसरतो. पण मुळे जिवंत असतात. चराई थांबली की त्याच मुळांतून तो पुन्हा वर उठतो. म्हणजे प्रत्येक वेळी नवे रोप लावावे लागतेच असे नाही!

तळ्याची दुसरी बाजू

मात्र पाणी आले की हिरवळ आलीच, असे समजू नये. गुरेही पाण्यापाशीच जमतात. खुरांनी माती घट्ट होते, कोवळे कोंब खाल्ले जातात आणि काठच उघडाबोडका पडतो. वेडी बाभूळ तर गुरांच्या पोटातून प्रवास करते. शेंगा खाल्ल्या की शेणातून बी पडते, ओल मिळताच रुजते आणि बघता बघता स्थानिक गवत-झुडपांची जागा बळकावते. शिवाय पाणी तुंबते तिथली कोरड्या जमिनीची सवय असलेली झाडे मरतात. देशी बाभूळ मात्र काही महिने पाण्यात तग धरते.

म्हणूनच अलवरच्या गावांनी बांधाबरोबर नियमही घातले. हिरवे झाड तोडायचे नाही, ठरलेल्या भागात गुरे सोडायची नाहीत. १९९९ मध्ये अरवरीकाठच्या सुमारे ७० गावांनी ‘अरवरी संसद’ स्थापन केली आणि ऊस, भात यांसारख्या पाणीपिऊ पिकांना आवर घातला. आपल्याकडे राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारनेही पाणी अडवताना कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली, हा योगायोग नाही.

बांध घालायला एक उन्हाळा पुरतो. काठचे कोंब मात्र दरवर्षी राखावे लागतात, आणि ते काम साऱ्या गावाचे असते.