थिनर आणि सोल्युशन : धंद्याला उपयोगी, जिवाला जोखमीचे

चपला-बूट, चामडी बॅगा, गॅरेजमधील रंगकाम, फर्निचर पॉलिश आणि यंत्रमाग या धंद्यांत आपले असंख्य बांधव आहेत. या सर्वांना रसायनांच्या एकाच कुटुंबाशी संबंध येतो. ते कुटुंब म्हणजे वलयी हायड्रोकार्बन. यातील कार्बनचे अणू सरळ साखळीत नसून कड्यासारखे जोडलेले असतात. त्यातील नेहमीच्या पदार्थांची माहिती आम्ही येथे देत आहोत.

बेंझिन ८० अंश सेल्सिअसला उकळते, टोल्युइन सुमारे १११ अंशांना, तर झायलीन १३८ ते १४४ अंशांच्या दरम्यान. उकळबिंदू जितका कमी, तितका द्रव लवकर उडून जातो. म्हणूनच टोल्युइनयुक्त सोल्युशन तळव्याला लावल्यावर लवकर सुकते. झायलीन घातलेला रंग मात्र सावकाश सुकतो आणि सपाट बसतो.

सायक्लोहेक्झेनपासून नायलॉनचा कच्चा माल बनतो. पॅराझायलीनपासून पॉलिएस्टर बनते, म्हणजे भिवंडीच्या मागावरील पॉलिएस्टर धाग्याचे मूळही येथेच आहे. कपाटातील डांबरगोळ्या पारंपरिकरीत्या नॅप्थलीनच्या. हा घन पदार्थ न वितळता थेट वाफ होतो, म्हणून गोळी दिवसेंदिवस लहान होत जाते.

आता जोखमीविषयी. हे द्रव पाण्यापेक्षा हलके असून पाण्यात मिसळत नाहीत. आग लागल्यास पाणी ओतले, तर जळता द्रव पाण्यावर तरंगून अधिक पसरतो. त्यासाठी वाळू किंवा कोरड्या पावडरचे अग्निशामक जवळ ठेवावे. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते व दूरच्या स्टोव्हपर्यंतही पोहोचू शकते. टोल्युइनची वाफ तर अवघ्या ४ अंश तापमानालाही ठिणगीने पेट घेऊ शकते.

आगीपेक्षा बेंझिनचा धोका अधिक छुपा आहे. इस्तंबूलमधील चपला-बूट बनविणारे कारागीर बेंझिनयुक्त सोल्युशन वापरीत. तुर्की रक्तविकारतज्ज्ञ डॉ. मुझफ्फर अक्सोय व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये अशा २६ कारागिरांना रक्ताचा कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था झाल्याचे प्रसिद्ध केले. बेंझिन हाडांतील मगजावर, म्हणजे जेथे रक्त तयार होते तेथेच आघात करते. टोल्युइनने हा कर्करोग होतो असे सिद्ध झालेले नाही. तथापि त्याच्या वाफेने डोके दुखते, चक्कर येते आणि दीर्घकाळ वाफ घेतल्यास मज्जासंस्थेला अपाय होतो.

तेव्हा कारखानदार बांधवांना आमची सूचना आहे की, नुसते 'थिनर' म्हणून डबा घेऊ नये. त्यात काय आहे याचे सुरक्षा माहितीपत्रक विक्रेत्याकडून मागावे आणि बेंझिन असलेला माल स्वस्त मिळाला तरी नाकारावा. डब्याचे झाकण बंद ठेवावे. हवा बाहेर फेकणारा पंखा जमिनीजवळही असावा व त्याची मोटर ठिणगी न उडणारी असावी. सोल्युशनच्या जागी चहाचा स्टोव्ह, विडी नको. हात थिनरने धुऊ नयेत. कोंदट खोलीत तोंडाला रुमाल बांधून वाफ अडत नाही, हे कारागिरांना समजावून सांगावे.

आरोग्य ही अल्लाहची अमानत आहे. आपल्या हाताखालच्या कारागिराचे आरोग्य ही मालकाकडे सोपविलेली आणखी एक अमानत होय.