साडेअकरा पौंड आणि पीएचडी

1913. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. अट एकच: परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी!

हे आठवायचं कारण, खारघरचं कर्करोग संशोधन केंद्र ॲक्ट्रेक आणि नवीन पनवेलची भूचुंबकत्व संस्था जवळ असल्याने संशोधन करणारी मुलं आमच्याकडे लोकलमध्येही भेटतात. परदेशी पीएचडीचा विषय निघाला की ठरलेला प्रश्न येतो, ‘खर्च किती?’ अहो, कित्येक ठिकाणी उलट तेच पैसे देतात.

माझी आवडती योजना म्हणजे युरोपची मारी क्युरी डॉक्टोरल नेटवर्क्स. यात राष्ट्रीयत्वाची अट नाही. तुम्ही तिथे विद्यार्थी कमी आणि पगारी संशोधक जास्त. एक मेख मात्र आहे. नेमणुकीआधीच्या 36 महिन्यांत, जिथे नेमणूक होणार त्या देशात 12 महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. तिथेच मास्टर्स करून बसलेले नेमके इथे अडकतात. जागा ‘युरॅक्सेस’ संकेतस्थळावर येतात. आधी विषय नाही, जाहिरात बघायची.

इथल्याच पीएचडीत मध्ये काही काळ जर्मनीला जायचं असेल तर तिथली डाड (DAAD) शिष्यवृत्ती बघा. आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, त्यात पीएचडीही येते. वय आणि उत्पन्नाच्या अटी त्या वर्षीच्या जाहिरातीतच वाचा, व्हॉट्सॲपवरच्या जुन्या पीडीएफमध्ये नको.

आणि हो, पहिली ईमेल मार्गदर्शकाला. ‘रिस्पेक्टेड सर’ची तीच चिठ्ठी पन्नास जणांना पाठवू नका, त्यांचा एक तरी पेपर वाचून लिहा. तुमचा विषय कमेंटमध्ये टाका, बघू काय सापडतं.