गाठीचे चार पैसे आणि हातची विद्या

मैत्रिणींनो, आज तुम्हांला दोन प्रश्न विचारते. उत्तरं मला कळवू नका, स्वतःशीच द्या. पहिला प्रश्न : या घटकेला तुमच्या पर्समध्ये, तुमचे स्वतःचे म्हणता येतील असे, रोख किती रुपये आहेत? आणि दुसरा : गेल्या महिन्याभरात घरातली एखादी उसवलेली, गळकी किंवा बिघडलेली वस्तू तुम्ही आपल्या हाताने नीट केलीत का?

“अहो, हल्ली रोख पैसे लागतात कुठे? भाजीच्या गाडीवरसुद्धा तो चौकोनी कागद लटकलेला असतो. फोन धरला की काम झालं!” असं तुम्ही म्हणाल. अगदी खरं आहे. २०१६ साली यूपीआय आलं आणि सुट्ट्या पैशांची कटकट पुष्कळच कमी झाली. ही सोय सोडून द्या असं मी मुळीच सांगणार नाही. पण सोय वेगळी आणि आधार वेगळा. सगळं सुरळीत असताना सोय कामाला येते. नड आली की आधार लागतो. घर चालवणाऱ्या बाईला दोन्ही हवीत.

नड सांगून येत नाही

२६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई जिथल्या तिथे थांबली. वीज गेली, फोन लागेनासे झाले. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज अचानक गेली आणि लोकलगाड्या रुळांवर उभ्या राहिल्या. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घरांत शिरलं. अशा दिवशी मेणबत्ती, दुधाची पिशवी, रिक्षा यांचे पैसे द्यायचे तर खिशात नोटच असावी लागते.

पूर आणि अंधार रोज येत नाहीत, हे कबूल. पण घरातली नड? समजा, रात्री यजमानांच्या छातीत दुखू लागलं. त्यांचा फोन त्यांच्याच बोटाने उघडतो. खातं त्यांच्या एकट्याच्या नावावर. बँकेत पैसे आहेत, पण तुमच्या हाती नाहीत! रिक्षावाला, औषधाचं दुकान, दवाखान्यातली अनामत रक्कम, सगळं दारात उभं. त्या वेळी डब्यातले दोन-तीन हजार रुपये जे काम करतात ते बँकेतले दोन लाखही करू शकत नाहीत. म्हणून म्हणते, घरातल्या प्रत्येक बाईचे स्वतःचे म्हणून थोडे पैसे हाताशी असावेत. त्यात लपवाछपवी नको. यजमानांना सांगूनच ठेवा.

किती आणि कसे ठेवावे?

साधा हिशेब सांगते. दूध, भाजी, औषधं, प्रवास असा आठवड्याचा किरकोळ खर्च लिहून काढा. तेवढी रक्कम घरात रोख असली की पुरे. त्यातले निम्मे पैसे दहा, वीस, पन्नासच्या नोटांत असू द्या. अडचणीच्या दिवशी पाचशेची नोट कोणी मोडून देत नाही. पर्सच्या आतल्या कप्प्यात एक शंभराची नोट दुमडून ठेवा आणि ती आहे हे विसरून जा.

याहून जास्त रोख मात्र घरात साठवू नका. चोराची भीती असते, वाळवीची असते, आणि आणखी एक गोष्ट आपण सगळ्यांनी अनुभवली आहे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. डाळीच्या डब्यात, साडीच्या घडीत, देव्हाऱ्यामागे बायकांनी वर्षानुवर्षं साठवलेल्या नोटा बाहेर काढाव्या लागल्या. ३० डिसेंबरपर्यंत बँकेत भरायच्या होत्या. ज्या बाईचं स्वतःचं खातंच नव्हतं तिला आपली शिल्लक दुसऱ्याच्या हाती द्यावी लागली. दोन हजारांची नोट तेव्हा नवी निघाली, तीही मे २०२३ मध्ये चलनातून मागे घेतली गेली. तेव्हा धडा असा, की आठवड्याचे पैसे डब्यात आणि बाकीचे स्वतःच्या नावाच्या खात्यात. त्या खात्याला वारसाचं नाव लावलं आहे ना, तेही पाहून घ्या. पैसे भरण्याची नि काढण्याची चिठ्ठी स्वतः लिहायला शिका. आणि फोनवर व्यवहार करत असाल तर एवढं पक्कं ध्यानात ठेवा, की पैसे मिळण्यासाठी आपला पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला की समजावं, कोणीतरी आपलेच पैसे नेतो आहे.

फाटकी नोट मिळाली म्हणून हळहळू नका. बँकेत ती बदलून मिळते. वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा निम्म्याहून मोठा तुकडा शाबूत असेल तर पूर्ण किंमत येते. पन्नास आणि त्यावरच्या नोटेचा सर्वांत मोठा तुकडा ऐंशी टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण, चाळीस ते ऐंशी टक्के असेल तर अर्धी. दहाचं नाणं कोणी नाकारलं, तरी ते खोटं नव्हे. वेगवेगळ्या छापांची चौदा नाणी चालतात, असं रिझर्व्ह बँकेने २०१८ सालीच स्पष्ट केलं आहे.

पाकिटांची पद्धत

रोख पैशाचा आणखी एक गुण आहे. तो संपताना दिसतो! फोनवरून चाळीस गेले, नव्वद गेले, दीडशे गेले, हाताला काहीच कळत नाही. महिन्याच्या वीस तारखेला मात्र “एवढे गेले कुठे?” म्हणून आपण डोकं धरून बसतो. यावर आपल्या आया करायच्या तोच उपाय करून पाहा. पहिल्या तारखेला पाच पाकिटं करा : भाजी-फळं, दूध, प्रवास, मुलांचं किरकोळ, पै-पाहुणा. त्या-त्या पाकिटात ठरलेले पैसे घाला. भाजीचं पाकीट हलकं झालं की आपोआप महागडी भाजी बाजूला राहते आणि मटकीला मोड येतात. महिनाअखेर पाकिटात उरेल ते मुद्दाम खर्चू नका. ती तुमची भिशी. अंथरूण पाहून पाय पसरावे हे खरं, पण आधी अंथरूण दिसायला तर हवं!

हातची विद्या

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. हाती पैसा असला तरी प्रत्येक बारीकसारीक कामाला माणूस बोलवावा लागला तर तो टिकणार कसा? उलट एखादं काम हाताला येत असेल तर तेवढे पैसे गाठीलाच राहतात. शिवाय माणूस रविवारी येत नाही, दिवाळीत येत नाही, आणि लहान कामाला तर येतच नाही. पुढची कामं कुणालाही आठ-पंधरा दिवसांत जमण्यासारखी आहेत.

सुई-दोरा : धावदोरा, टीप, तुरपाई आणि काज-बटण एवढं आलं तरी घरातले निम्मे कपडे वाचतात. साडीला फॉल लावणं, मुलांच्या चड्डीची पट्टी उलगडून लांबी वाढवणं, उसवलेली शिवण लगेच घालणं. ‘लगेच’ महत्त्वाचं. एक टाका वेळेवर घातला नाही की आठवड्याने तिथे भोक पडतं.

गळका नळ : जुन्या फिरकीच्या नळातून थेंब-थेंब गळतं ते बहुधा आतला वायसर झिजल्यामुळे. आधी पाण्याचा मुख्य कॉक बंद करा. पान्याने नळाचं डोकं उघडा, जुना वायसर काढा आणि तो नमुना म्हणून दुकानात न्या. नवा वायसर अगदी स्वस्त मिळतो. विश्वास बसत नसेल तर रात्री गळक्या नळाखाली पातेलं ठेवा आणि सकाळी पाणी मोजा.

कुकर : शिट्टी होत नाही, बाजूने वाफ जाते, म्हणून नवा कुकर घेऊ नका. आधी रिंग बघा. ती कडक झाली असेल, तडकली असेल तर त्याच कंपनीची, त्याच मापाची घ्या. शिट्टीचं भोक रोज उजेडात धरून पाहावं. झाकणावरचा सुरक्षेचा वॉल्व्ह गेला असेल तर मात्र घरगुती उपाय नको. तो नवाच बसवावा.

विजेचं बटण : घरातली वीज गेली आणि शेजारी आहे, तर पेटीतलं बटण खाली पडलेलं असतं. सगळी उपकरणं बंद करा, हात कोरडे करून बटण वर करा, मग एकेक उपकरण लावा. ज्याने बटण पुन्हा पडेल ते बिघडलं आहे. एकही न लावता बटण पडलं तर हात लावू नका, वायरमनला बोलवा. कुठे थांबायचं हे कळणं, हीसुद्धा विद्याच.

स्वयंपाकघर : डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवले तर गॅस कमी लागतो. सायीला विरजण लावलं की ताक, लोणी, तूप आणि शेवटी कणकेत घालायला बेरी. शिळ्या पोळीचा कुस्करा, उरलेल्या भाताला फोडणी. कोंड्याचा मांडा करणं म्हणतात ते हेच.

ही कामं फक्त मुलींना शिकवू नका हं! बटण लावता येणारा मुलगा आणि नळ दुरुस्त करता येणारी मुलगी, दोघंही पुढे परगावी खोली घेऊन राहिली की तुम्हांला दुवा देतील.

कसबाचा पैसा

हातची विद्या पैसे वाचवते, आणि वेळ आली तर मिळवूनही देते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. त्यातूनच लिज्जत पापड उभा राहिला. गिरणगावात कामगारांना जेवण करून घालणाऱ्या बायका सावकाराच्या व्याजात बुडालेल्या असत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये त्यांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेचं कर्ज त्यांच्यापर्यंत आणलं. या बायकांकडे पदव्या नव्हत्या. हाताला चव आणि सवय होती. हाती रोख भांडवल आलं तेव्हा त्या कसबाला किंमत आली. पैसा आणि कसब अशी जोडीने चालतात.

काटकसर म्हणजे मन मारून जगणं, असा एक समज आहे. तसं नाही बरं का! पाहुण्याला दुसरा चहा नाकारणं हा कंजूषपणा. दुसरा चहा आनंदाने देता यावा म्हणून एरवी हात राखून खर्च करणं ही काटकसर. ज्या बाईच्या गाठीला चार पैसे आणि हाताला चार कामं आहेत तिला लहानसहान गोष्टींसाठी कुणापुढे हात पसरावा लागत नाही. तिच्या शब्दाला घरात वजन येतं, आणि तिला स्वतःलाही धीर असतो.

मग येत्या पहिल्या तारखेपासून सुरुवात करताय ना? पाच पाकिटं करा, आठवड्याचे पैसे वेगळे काढा आणि महिन्याला एक काम शिका. वर्षाला बारा होतात. पहिला मान, मला वाटतं, त्या गळक्या नळालाच द्यावा!