नाव बदलले तरी फाइल ओळखू येते

वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावात ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एखाद्या दुकानातला संगणक बनावट दाखल्यांच्या संशयावरून जप्त झाला, असे समजा. त्यात सहज दोन-तीन लाख फाइली निघतात. बहुतेक विंडोजच्या, ब्राउझरच्या, प्रिंटरच्या. देशभरातल्या संगणकांत असतात त्याच. या ढिगातून कामाच्या चार फाइली शोधायच्या कशा?

इथे हॅश कामाला येतो. फाइल केवढीही असो, एसएचए-२५६ हे सूत्र तिच्यातला प्रत्येक बिट घुसळून ६४ अंक-अक्षरांची एक ओळ काढते. फाइलच्या नावाचा त्यात संबंधच नसतो. दाखल्याच्या फाइलला 'लग्नाचे फोटो' असे नाव दिले तरी हॅश तोच. आत एक स्वल्पविराम वाढवला, की सगळी ओळ बदलते. अगदी रिकाम्या फाइलचाही हॅश ठरलेला आहे, 'ई३बी०सी४४२'ने सुरू होणारा. तो आसेगावात काढा नाहीतर अमेरिकेत.

अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने मूळ सॉफ्टवेअर जमवून त्यातल्या फाइलींच्या हॅशची प्रचंड सूची केली आहे आणि ती मोफत ठेवली आहे. जप्त डिस्कच्या प्रतीतले हॅश तिच्याशी ताडले, की ओळखीच्या फाइली धान्य पाखडावे तशा बाजूला होतात. मात्र सूचीत हॅकिंगची साधनेही आहेत. फाइल ओळखीची आहे एवढेच ती सांगते, निर्धोक आहे असे नाही.

हॅशची सूत्रेही जुनी होतात. एमडी-५ या जुन्या सूत्रात दोन वेगळ्या मजकुरांचा एकच हॅश निघू शकतो, हे २००४मध्ये दिसले. २०१७मध्ये एसएचए-१चा एकच हॅश असलेल्या दोन वेगवेगळ्या पीडीएफ फाइली संशोधकांनी तयार करून दाखवल्या.

कोर्टात हे सारे महत्त्वाचे ठरते. जालन्याच्या २०१४च्या विधानसभा निवडणुकीच्या वादात निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातले चित्रीकरण पुरावा म्हणून आले. मूळ उपकरण हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र हवेच, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२०ला त्यात स्पष्ट केले. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खालील प्रमाणपत्रात आता हॅशही लिहावा लागतो. ही सुधारणा फार आधी व्हायला हवी होती.

म्हणून दुकानातले सीसीटीव्ही चित्रीकरण किंवा मोबाइलमधला व्हिडिओ पुरावा म्हणून देताना त्याचा एसएचए-२५६ हॅश तिथेच काढून कागदावर नोंदवून घ्या, आणि त्या कागदाची एक प्रत स्वतःजवळ ठेवा.