पैनगंगेच्या अल्याड-पल्याड : गोंड-लंबाडा वादाचे मूळ

राष्ट्रीय महामार्ग ४४ वरील गुडीहत्नूर येथून इंद्रवेल्ली-उटनूरकडे रस्ता वळतो. तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील या टापूत तेलुगू, मराठी, गोंडी आणि बंजारा बोली एकाच बाजारात ऐकू येतात. जमातीच्या दाखल्याचा विषय निघाला की मात्र हा शेजार अवघडतो. महाराष्ट्रात ज्यांना बंजारा म्हणतात, ते येथील लंबाडा गोंडांच्या लेखी पैनगंगेपलीकडून आलेले उपरे आहेत.

या रोषाचे मूळ जातिद्वेषापेक्षा याद्यांमध्ये आहे. महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातींत मोडतात. आंध्र भागात ते अनुसूचित जमातींत होते, तेलंगणात नव्हते. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने ही तफावत मिटली, आणि दुसरी उभी राहिली. नदी ओलांडताच दर्जा बदलू लागला. अनुसूचित क्षेत्रात आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींना घेता येत नाही. १९७० च्या दुरुस्तीने तो निर्बंध अधिक कडक झाला होता. लंबाडा जमातींच्या यादीत येताच त्यांच्यापुरती ही भिंत उरली नाही. निजामाच्या काळापासून गोंडांमध्ये काम केलेले मानवशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी गोंडांच्या हातून निसटणाऱ्या या जमिनींविषयी सविस्तर लिहून ठेवले आहे. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीत पोलिसांच्या गोळीबारात गोंड मारले गेले, तेही जमिनीच्याच प्रश्नावर जमले असताना. सरकारी आकडा १३ चा. तो तेथे फारसा कोणी मानत नाही.

जमिनीनंतर नोकरी. आदिलाबादचा सरकारी सिमेंट कारखाना नव्वदच्या दशकात बंद पडला. कागजनगरची सिरपूर पेपर मिल २०१४ मध्ये थांबली, ती २०१८ मध्ये नव्या मालकाच्या हाती पुन्हा सुरू झाली. कारखान्यांचा आधार असा डळमळला की शिक्षकाची सरकारी जागा सोन्याच्या मोलाची होते. राज्यातील अनुसूचित जमातींत निम्म्याहून अधिक लोक लंबाडा आहेत, शिक्षणातही ते पुढे. राखीव जागा तेच घेऊन जातात, ही गोंडांची तक्रार म्हणूनच तीव्र आहे. २०१७ मध्ये आदिवासी शाळांत लंबाडा शिक्षक नकोत अशी मागणी झाली आणि डिसेंबरात उटनूर परिसरात हिंसाचार उसळला.

लंबाडांची बाजूही पोकळ नाही. बैलांच्या पाठीवर धान्य वाहणारे त्यांचे तांडे दख्खनमध्ये शतकानुशतके फिरत आले; येथील अनेक तांडे पिढ्यान्पिढ्यांचे आहेत आणि गरीबही. कायद्याने प्रश्न विचारायचा तो एवढाच, की यादी लागू झाली तेव्हा हे कुटुंब येथे राहत होते काय? तो तपास महसूल कार्यालयाचा. तो नीट होत नाही, असा संशय बळावल्यामुळेच ‘काहींची पडताळणी करा’ याऐवजी ‘सगळ्यांनाच वगळा’ ही मागणी पुढे आली.

दरम्यान २०२५ मध्ये महाराष्ट्रातील बंजारांनी जुन्या हैदराबाद गॅझेटचा दाखला देत अनुसूचित जमातीचा दर्जा मागितला, आणि तेथील आदिवासी संघटना विरोधात उभ्या राहिल्या.