वादळाचा इशारा आणि उल्हास खोऱ्यातील नगरे

अरबी समुद्रात चक्रीवादळे बंगालच्या उपसागराच्या मानाने कमी उद्भवतात आणि त्यांपैकी थोडीच महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर येऊन धडकतात. त्यातून उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही नगरे समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या बाजूला वसलेली. साहजिकच, वादळाचा इशारा कोळीवाड्यांसाठी असतो, आपल्यासाठी नव्हे, असा समज येथे होऊ शकतो. हा समज धोक्याचा आहे. वादळ किनाऱ्यावर वाऱ्याच्या व उधाणाच्या रूपाने येते. आतल्या भागात तेच पावसाच्या व पुराच्या रूपाने पोहोचते.

इशारा कसा तयार होतो?

अटलांटिक महासागरात ज्याला हरिकेन आणि पश्चिम प्रशांत महासागरात टायफून म्हणतात, तेच आपल्याकडील तीव्र चक्रीवादळ होय. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे २६.५ अंश सेल्सियसच्या वर गेले व इतर परिस्थिती अनुकूल असली, म्हणजे कमी दाबाच्या क्षेत्राला बळ मिळते. वाऱ्याचा वेग ताशी ३१ किलोमीटरपर्यंत पोहोचला की त्यास न्यूनदाब, आणि ६२ किलोमीटर झाला की चक्रीवादळ म्हणतात.

१८७५ साली स्थापन झालेला भारतीय हवामानशास्त्र विभाग या हालचालींवर अहोरात्र नजर ठेवतो. इन्सॅट मालिकेतील उपग्रहांची छायाचित्रे, जहाजांवरील व समुद्रातील तरंगत्या उपकरणांवरील नोंदी, किनाऱ्यावरील वेधशाळा आणि रडार यांची माहिती एकत्र करून संगणकाच्या साहाय्याने वादळाचा मार्ग अजमावला जातो. इशारे चार टप्प्यांत दिले जातात. पहिली पूर्वसूचना साधारणतः ७२ तास आधी, दुसरी ४८ तास आधी आणि तिसरी २४ तास आधी निघते. चौथ्या टप्प्यात, वादळ जमिनीवर येण्याच्या सुमारे १२ तास आधी, ते आत शिरल्यावर काय होईल हे सांगितले जाते. अंबरनाथ–बदलापूरसारख्या नगरांच्या दृष्टीने हा चौथा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे.

दोन वादळांचा धडा

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन–दिवेआगर परिसरात किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, मुरूड भागातील नारळी-पोफळीच्या बागा व हजारो घरे त्यात उद्ध्वस्त झाली. मुंबई व ठाणे जिल्ह्यांनाही इशारा देण्यात आला होता. मात्र तेथे हानी त्या मानाने कमी झाली. पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ रोजी, ‘तौक्ते’ चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्याला न शिवता समुद्रातून गुजरातकडे गेले. तरीही कुलाब्यास ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाचे झोत नोंदले गेले आणि सांताक्रूझ येथे एका दिवसात २०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला.

पहिल्या खेपेस वादळ बाजूने निघून गेले, म्हणून इशारा चुकला असे म्हणता येत नाही. मार्गाच्या अंदाजात एक दिवस आधीही काही दशक किलोमीटरांचा फरक राहू शकतो. एवढ्याशा फरकाने श्रीवर्धनवरचे संकट ठाण्यावर येऊ शकते. शास्त्रज्ञ शक्यता सांगतो. तयारी त्या शक्यतेसाठी करावयाची असते. ‘मागच्या वेळी काही झाले नाही’ हा विचारच पुढच्या वेळी जीव घेतो.

डोंगरपायथ्याचे पाणी

उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावून कर्जत, बदलापूरवरून कल्याणच्या खाडीकडे जाते. समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस पाडतात. ते पाणी काही तासांतच बदलापूरच्या सखल भागात उतरते. खाली खाडीत त्याच वेळी मोठी भरती असेल, तर पुराचा निचरा रखडतो. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून उल्हासनगरकडे वाहणारी वालधुनी नदी लहान असली, तरी दाट वस्तीतून जाते.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी. २०० मिलिमीटर पाऊस पडला, तर एका चौरस किलोमीटरवर वीस कोटी लिटर पाणी जमा होते. २७ जुलै २०१९ रोजी चक्रीवादळ नसताना, केवळ मोसमी पावसाने उल्हास नदीला आलेल्या पुरात बदलापूर–वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल व स्थानिक नागरिकांच्या मदतीने हजारावर प्रवाशांना सुखरूप बाहेर काढण्यात आले.

रंगांचा अर्थ

हिरवा रंग म्हणजे काळजीचे कारण नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे सज्ज राहा. तांबडा म्हणजे कृती करा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार पाऊस मानला जातो. मात्र जिल्ह्यासाठी दिलेला इशारा सर्वत्र सारखा उतरत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर कुलाब्यास सुमारे ७४ मिलिमीटर.

शेवटचा टप्पा गावातच

म्हणूनच हवामानशास्त्रज्ञाचे काम जेथे संपते, तेथे स्थानिक यंत्रणेचे काम सुरू होते. ‘ठाणे जिल्ह्यात अत्यंत जोरदार पाऊस’ या वाक्याचा अर्थ नदीकाठच्या कोणत्या वस्तीने किती वाजेपर्यंत घर सोडावे, हे वेधशाळा सांगू शकत नाही. ते नगरपालिकेने व ग्रामपंचायतीने आधी ठरवून ठेवावयाचे असते. पूररेषेतील घरांची यादी, निवाऱ्यासाठी नेमलेली शाळा, तिची किल्ली कोणाकडे आहे याची नोंद, आणि वृद्ध, आजारी व गरोदर स्त्रियांना हलविण्याची जबाबदारी या गोष्टी पावसाळ्यापूर्वीच निश्चित व्हावयास हव्यात. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या वसाहतीतून उभ्या राहिलेल्या उल्हासनगरात ध्वनिक्षेपकावरील सूचना मराठीबरोबरच हिंदी व सिंधीतूनही दिली गेली, तर ती अधिक घरांत पोहोचेल. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक प्रत्येक शाळेच्या फलकावर असावा. शिक्षकांनी शाळेत साधे पर्जन्यमापक बसवून मुलांकडून रोजची नोंद ठेवून घेतल्यास इशाऱ्यातील आकडे त्यांना परके वाटणार नाहीत.

इशारा वेळेवर मिळणे हा विज्ञानाचा विजय आहे. तो नदीकाठच्या शेवटच्या घरापर्यंत वेळेवर पोहोचणे आणि त्या घराने त्यावर विश्वास ठेवणे, हे मात्र लोकप्रतिनिधी, शिक्षक आणि प्रशासन यांच्याच हाती आहे.