एजंट नोकरी विकतोय की सल्ला?

वाशी, नेरुळ, बेलापूरच्या व्यापारी संकुलांत ‘दुबईत नोकरी’ आणि ‘कॅनडा पीआर’ या पाट्या शेजारी शेजारी दिसतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र ही दोन वेगळी कामं आहेत.

परदेशातल्या नोकरीसाठी माणसं भरती करणाऱ्याला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याप्रमाणे भारत सरकारचा परवाना लागतो. परवानाधारकांची यादी ई-मायग्रेट पोर्टलवर कोणालाही पाहता येते. उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये, वर जीएसटी. कोणी दोन लाख मागत असेल, तर ते कशाचे हे पावतीवर लिहून मागा. बहुतेकदा तिथेच उत्तर मिळतं.

पीआरच्या, म्हणजे परदेशात कायम राहण्याच्या परवानगीच्या, सल्ल्याला तो भारतीय परवाना लागत नाही. तिथे ज्या देशात जायचं त्याचा कायदा पाहायचा. कॅनडाच्या अर्जासाठी पैसे घेऊन सल्ला द्यायचा, तर तिघांनाच मुभा आहे: तिथल्या लॉ सोसायटीचे वकील व पॅरालीगल, क्वेबेकचे नोटरी आणि इमिग्रेशन सल्लागारांच्या ‘कॉलेज’चे परवानाधारक. कॉलेजच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की परवाना चालू आहे की स्थगित, ते कळतं. एजंट म्हणेल, ‘आमचे वकील टोरांटोत असतात.’ असतीलही. मग करार त्यांच्या नावाने हवा आणि प्रतिनिधी नेमण्याच्या आयएमएम ५४७६ या फॉर्मवर त्यांचंच नाव हवं. ‘तुम्ही स्वतःच भरलाय असं दाखवू’ म्हणणाऱ्याकडून सरळ उठून यावं. अनुभवाचं खोटं पत्र एजंटाने जोडलं, तरी जबाबदारी अर्जदाराचीच. खोट्या माहितीबद्दल पाच वर्षांची बंदी येऊ शकते.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट निराळी. तिथल्या एजंटांना सात आकडी नोंदणी क्रमांक असतो, पण देशाबाहेर बसलेल्या एजंटाला नोंदणीची सक्ती नाही. म्हणजे वाशीतला बिननोंदणीचा एजंट बेकायदा नसतो. फक्त तक्रार घेऊन जायला तिथली नियामक संस्था नसते. मला तरी नोंदणीवालाच बरा वाटतो.

पुढे त्या देशाचं नागरिकत्व घेतलंत की १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. पासपोर्ट जमा करून ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड घेता येतं, पण त्यावर मतदान नाही आणि गावाकडे शेतजमीन विकतही घेता येत नाही. वारसाने आलेली राहते.

करार, पावत्या आणि भरलेल्या फॉर्मची प्रत स्वतःकडे ठेवा, आणि अर्जाच्या खात्याचा पासवर्डही.